चौथी विहीर

त्या लिहिणाऱ्याचा हात झडो, असं मी सकाळी उठल्याउठल्या म्हणते आन् मंग माझी मीच गप बसते. कारण त्यानं मनचं काय लिहिलं न्हाई. शब्द माझेच हायेत. माझ्या दारात, भर गर्दीत, माझ्याच तोंडानं म्हणलेले. नाकारू कसं?

मी सत्यभामा. हुमनाबादजवळ राजेश्वरात आमचं घर. शेतात तूर, ज्वारी, आन् बांधाच्या कडेला एक जुनी पायऱ्यांची विहीर. त्या विहिरीत माझी सून रेणुका गेली. तवा तिची पोरगी पल्लवी तीन वर्साची होती, आता सतराची हाय. मधी इतकी वर्सं गेली. गाव विसरलं, पोलीस विसरले, आमी बी दिवसाढवळ्या विसरल्यासारखं करायला शिकलो. आन् आता ती विहीर पुस्तकात आलीय.

पुस्तक कानडीत हाय. नाव लांबलचक हाय, आमी घरात त्याला सात विहिरींचं पुस्तक म्हणतो. सात विहिरी आन् त्यात मेलेली सात माणसं. एकेका विहिरीचा आधी इतिहास सांगितलाय, कोणत्या सुलतानाच्या वक्ताला बांधली, दगड कुठनं आणला, पाणी कोण पीत होतं. आन् मंग त्या विहिरीत कोण मेलं आन् कुणी मारलं. लिहिणारा श्रीहरीराव, गुलबर्ग्याचा. बोर्डावर आता कलबुरगी लिहितात, पर आमच्या तोंडात गुलबर्गाच बसलंय. पहिलं तो पेपरात होता. आमची विहीर त्यात चौथी हाय.

हे सगळं मला कळलं पल्लवीमुळं. पोरगी गुलबर्ग्याला कॉलेजात हाय, हॉस्टेलवर ऱ्हाते. तिला आधीपासनं खऱ्या खुनांची पुस्तकं वाचायचा नाद. राजेराजवाड्यांची कटकारस्थानं, कुणी कुणाला विष घातलं, कुठला चोर कसा सापडला, असलंच सगळं. बाकीच्या पोरी फोनमंदी नाच बघतात, ही मुडदे बघती, असं मी तिला चिडवायची. कॉलेजच्या लायब्ररीत बाईंनी भिंतीवर यादी लावली होती, खऱ्या गुन्ह्यांची आन् इतिहासाची ही पुस्तकं वाचाच म्हणून. त्यात सगळ्यात वर हे. पोरीनं ते पळत जाऊन घेतलं.

पहिल्या तीन विहिरी तिनं मला फोनवर सांगितल्या. मी हिकडं शेंगा फोडत ऐकायची. खोटं कामून बोलू, मला बी मजा वाटायची. दुसऱ्याच्या घरचा मुडदा ऐकायला कुणाला कडू लागतोय? तिसऱ्या विहिरीतल्या बाईला दिरानं मारलं, हे मी आधीच वळखलं होतं आन् पोरगी मला म्हणली, आजी, तू पोलिसात पायजे होतीस.

मंग दोन दिवस फोन न्हाई. तिसऱ्या दिवशी आला.

"आजी, नावं बदललीत, पर गाव राजेश्वर हाय. विहीर आपली हाय. ही बाई माझी आई हाय ना?"

मी शेंगांचं सूप बाजूला सारलं. मी म्हणले, "काय लिहिलंय?"

तिनं कानडी वाचत वाचत मराठी केलं. आवाज पार कोरडा होता. "सासू मुडद्याच्या अंगावर पडून म्हणाली, आमीच लोटलं गं तुला, माझे बाई, माय-लेकांनी मिळून लोटलं, वर येऊ न्हाई दिलं गं तुला. आजी, तू असं म्हणलीस?"

मी इचार केला न्हाई. कसला इचार करायचा त्यात? सरळ म्हणले, "व्हय, म्हणले की. मोठ्यानं म्हणले."

तिकडनं फोन बंद झाला. मला वाटलं रेंज गेली. माझी अक्कल बघा.

आता तुमाला सांगते, कारण तुमच्यात बी आता असं रडत नसतील. आमच्याकडं माणूस गेलं की बाया हेल काढून रडायच्या. नुसत्या रडायच्या न्हाईत, बोलायच्या. मेलेल्याच्या उशाला बसून त्याचं सगळं आठवायचं, आन् शेवटी सगळा दोष आपल्या अंगावर घ्यायचा. मेलेल्याला नावं ठेवायची न्हाईत, देवाला ठेवायची न्हाईत. मंग उरलं कोण? आपण. जी जास्त आपल्यावर घेती तिची माया जास्त. आमची सासू गेली तवा मी म्हणले होते, उपाशी मारलं गं माय तुला, पाण्याचा घोट न्हाई दिला. म्हातारी नव्वदीला टेकली होती, आदल्या दुपारी माझ्या हातचं पुरण खाऊन मला शिव्या देऊन झोपली होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं. कुणी मला पोलिसात दिलं न्हाई. उलट म्हणले, सत्यभामा लई चांगली रडली.

पर आता कोण रडतंय तसं? आता मयताला पोरी येतात, नाकाला रुमाल लावून भिंतीला टेकून उभ्या ऱ्हातात. पल्लवीनं जन्मात तसलं रडणं ऐकलं न्हाई. तिला मी फोन करकरून सांगितलं. तिनं एकदाच उचलला आन् म्हणली, "आजी, मेलेल्या माणसासमोर कुणी खोटा खून कबूल करतंय का? तूच सांग, दुसऱ्या कुणाच्या घरचं असतं तर तू काय म्हणली असतीस?"

 दुसऱ्याच्या घरचं असतं तर मी म्हणले असते, सासूनंच लोटलं.

मला माझं काय न्हाई. मी खाल्लं-पिल्लं, जगून झालं. पर पोरीनं बापाला तोडलं. धनराजला तिनं मेसेज केला, मला फोन करू नको, भेटायला येऊ नको, परीक्षा झाली की मी हैदराबादला जाणार, परत येणार न्हाई. बास, एवढंच.

धनराज माझा लेक. रेणुका गेली त्या सकाळी तो हुमनाबादच्या बाजारात होता. पोलिसांनी तरी बी नेलं, ठेवलं, मारलं, आन् कोर्टात काय उभं ऱ्हाईना म्हणून सोडलं. बाजारात त्याला बघणारे आमचेच भाऊबंद, म्हणून पुस्तकात लिहिलंय की त्यांची साक्ष कितपत खरी धरायची. सुटून आल्यावर त्यानं दुसरं लगीन केलं न्हाई. मी लई भांडले, दोन पोरी बघून आले, तो जेवणावरनं उठून गेला. पल्लवीच्या वेण्या त्यानं घातल्या. शाळेत पालकांना बोलावलं की सगळ्या आया जायच्या, हा एकटा बाप्या मागच्या बाकावर बसून यायचा. पोरीला ताप आला तर हा तिच्या उशाशी बसून भुईमुगाच्या शेंगांची बाहुली करायचा. तसला बाप.

मेसेज आला तसा तो बोलायचा थांबला. एकदाच मला म्हणला, "आई, तू असं कामून म्हणलीस?"

"अरे बाबा, रडताना म्हणले. तुला ठाऊक न्हाई का?"

"मला ठाऊक हाय. तिला कुणी सांगायचं?"

मंग तो विहिरीवर जाऊन बसायला लागला. काठावर, पाय आत सोडून. सकाळी जायचा, दुपारी भाकरी घेऊन गेलं तर तसाच. मी शेजारी जाऊन बसायची. तो म्हणायचा, आई, तू घरी जा. मी म्हणायची, न्हाई जात. तो म्हणायचा, मी काय करत न्हाई, नुसता बसलोय. मी म्हणायची, मंग मी बी नुसती बसलेय. गुडघे दुखून दुखून माझा जीव जायचा, पर उठायची न्हाई. मरू देऊ का त्याला? एक त्या पाण्यात गेलं तेवढं बास न्हाई का? मी त्या पाण्याकडं बघून शिव्या द्यायची, त्या श्रीहरीला द्यायची, माझ्या स्वतःच्या जिभेला द्यायची. कशाचा काय उपेग न्हाई. पोरगी बापाशी एक शब्द बोलली असती तर तो उठला असता. एवढीच गोष्ट होती, आन् तेवढीच व्हईना.

शेवटी एक दिवस शेजारच्या अंबाजीला धनराजजवळ बसवलं आन् मी हुमनाबादला बस बदलून गुलबर्ग्याला गेले. त्या दिवशी पल्लवीच्या कॉलेजात श्रीहरीरावाचं भाषण होतं. हे मला लायब्ररीच्या बाईंकडनंच कळलं, त्यांना फोन लावून मी पल्लवीची आजी म्हणून सांगितलं होतं. त्यांना वाटलं, म्हातारीला नातीचं कौतुक.

हॉल भरलेला. श्रीहरीराव वर स्टेजवर उभा राहून सांगायला लागला की इतिहास म्हणजे नुसते राजे न्हाईत, इतिहास म्हणजे आपल्या शेजारच्या विहिरी बी हायेत. पोरं टाळ्या वाजवायलीत. पल्लवी शेवटच्या रांगेत बसली होती. मला बघितलं आन् मान फिरवली. पोरगी वाळून गेली होती, गालफडं दिसायली होती. 

भाषण संपल्यावर पोरं सह्या घ्यायला उभी राहिली. मी त्या रांगेत उभी राहिले. माझी पाळी आल्यावर त्यानं हात पुढं केला, पुस्तक घ्यायला.

मी म्हणले, "माझ्याकडं पुस्तक न्हाई. मी चौथ्या विहिरीवरली सासू."

त्याचा चेहरा उतरला, पर माणूस वाईट न्हाई, हे मला कबूल करावं लागतंय. त्यानं मला आत एका खोलीत नेलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. पल्लवी दारात येऊन उभी राहिली. आत आली न्हाई, गेली बी न्हाई.

मी सोडलं न्हाई त्याला. म्हणले, "तुमी माझ्या लेकाला वरच्या पायरीवर उभं केलंय. हातात रेणुकाच्या शेल्याचं टोक दिलंय. कोवळं ऊन होतं म्हणून लिहिलंय. तुमी होता का तिथं ऊन बघायला?"

"आजी, ते कथन आहे. खऱ्या घटनेवरचं पुस्तक असं लिहावं लागतं, नाहीतर वाचकाला काही दिसत नाही."

"माझ्या नातीला दिसलं की. आता रोज तेच दिसतंय तिला. मी काय करू सांगा."

तो फोन काढून त्यात कायतरी शोधायला लागला. मंग म्हणला, "शब्द मी बदलले नाहीत. त्या दिवशी मी पेपरातर्फे आलो होतो, तुमच्या अंगणात उभा होतो. रेकॉर्डिंग आहे." आन् त्यानं फोनवर ते लावलं.

माझाच आवाज. चौदा वर्सांमागचा, तरणाताठा, घसा फोडून हेल काढणारा. आमीच लोटलं गं तुला, माझे बाई. माझं मलाच भ्या वाटलं. दारात पल्लवीनं कानावर हात ठेवले. माझ्या आवाजामागं आणखी एक बाई रडायली होती, बारीक आवाजात, तिचं बोलणं लागत नव्हतं. मी वळखला तो आवाज. माझी विहीण गंगम्मा, रेणुकाची आई. आमी दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो होतो.

मी त्याला सगळं सांगितलं. सासूचं सांगितलं, पुरणाचं सांगितलं, चांगली रडली म्हणून मला नावाजलं ते सांगितलं. तो ऐकत होता मन लावून, पर शेवटी म्हणला, "आजी, मी धारवाडात वाढलो. मी असं रडणं कधी ऐकलं नव्हतं, हे खरं. पण तुमच्या सांगण्यावर कसं मानू? ज्याच्यावर संशय आहे तो हेच म्हणणार. जिची मुलगी गेली तिनं सांगितलं, तर मी पुढच्या आवृत्तीत चूक कबूल करीन. नावानिशी करीन."

दारातनं पल्लवी पहिल्यांदा बोलली. "अज्जी म्हणली की बाया असं रडतात, तर मी मानते. तुझं मानणार न्हाई, आजी."

ती आईच्या आईला अज्जी म्हणती, कानडीतलं. मी उठले. म्हणले, "चल. आत्ताच चल आळंदला."

बसमंदी ती माझ्या शेजारी बसली न्हाई, पुढच्या सीटवर बसली. मी तिच्या वेणीकडं बघत बसले. स्वतःच घालायला शिकलीय, पर बापासारखी घट्ट येत न्हाई. मला तवा आशा होती हे मी लपवत न्हाई. गंगम्मा माझ्याशी तोंडभर बोलत नसंल, पर खोटं बोलणारी बाई न्हाई. पोलिसांनी तिला परोपरीनं इचारलं होतं तवा बी, जावयावर माझा काय संशय न्हाई, असंच ती म्हणली होती. आन् ती तर माझ्या गळ्यातच पडली होती त्या दिवशी. तिच्याइतकं कुणाला ठाऊक? मी मनात म्हणायले, संध्याकाळपातूर धनराजला फोन जाईल.

गंगम्माचं घर आळंदच्या बाजारामागं. पोरीला बघून ती हरकली, तोंडावरनं हात फिरवला, बोटं मोडली. मला बघून जरा थबकली, मंग म्हणली, "या, विहीणबाई." पल्लवीला बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसवलं आन् सुसला करायला आत गेली. पोरीला तिच्या हातचा मुरमुऱ्यांचा सुसला लई आवडतो. मी मागोमाग गेले.

गंगम्मा कांदा चिरायला बसली. मी म्हणले, "पुस्तकाचं कळलंय न्हवं तुमाला?"

"व्हय. पोरीनंच वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं मी."

"मंग तुमाला कळलंच आसंल. ते माझं रडणं होतं."

"कळलं की. पहिल्याच ओळीला कळलं. तुमच्या गळ्यात पडून मी रडत होते, मला कळणार न्हाई?" तिनं कढईत तेल घातलं. 

माझ्या जिवात जीव आला. म्हणले, "मंग चला बाहेर, पोरीला एवढं सांगा. तुमचं मानती ती."

"न्हाई सांगत."

मला वाटलं मी नीट ऐकलं न्हाई. परत म्हणले. ती परत म्हणली, "न्हाई, विहीणबाई. मी सांगणार न्हाई."

मी भडकले. आवाज दाबून, पर जे तोंडाला येईल ते बोलले. म्हणले, तुमचा जावई विहिरीच्या काठावर बसायलाय रोज. आज शेजाऱ्याला राखणीला बसवून आलेय. तो गेला म्हणजे तुमी येणार का माझ्या गळ्यात पडून रडायला? लेक गेली तुमची, त्याचा सूड उगवायलात का? माणूस हायात का कोण हायात तुमी? ती ऐकत राहिली. मोहरी तडतडली, कांदा टाकला, मुरमुरे भिजवून पिळले. सगळं जिथल्या तिथं. माझा दम संपल्यावर ती बोलली.

"पुस्तकात माझ्या लेकीला तुमी मारलंय. तुमी मारलं नसंल तर ती आपली आपण गेली. व्हय का न्हाई?"

"गेली. सातव्या महिन्यात पोटातलं लेकरू गेलं तवापासनं ती माणसात नव्हती. मीच तिला तुमच्याकडं धाडलं होतं, महिनाभर ठेवून घ्या म्हणून."

"धाडलं होतं. आन् मी तिला आठ दिवसांत परत बसमंदी बसवलं." गंगम्मा माझ्याकडं बघत नव्हती, कढईकडं बघत होती. "धाकटीला बघायला पाव्हणे येणार होते. थोरली लेक सुतकी तोंड करून माहेरी बसलेली दिसली तर ते काय म्हणतील, म्हणून. ती बसच्या दाराला धरून उभी राहिली. म्हणली, आई, मला नगं धाडू, मला तिथं सारखी विहीर दिसायली. असं म्हणली ती मला. मी तिची बोटं सोडवली. म्हणले, देवाचं नाव घे, काय व्हत न्हाई."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"त्या दिवशी तुमी म्हणला, मी लोटलं. मी बी म्हणले, मीच लोटलं गं तुला. एकाच वक्ताला म्हणलो आपण. तुमचं ते रडणं होतं, विहीणबाई. माझं खरं होतं. पर सगळ्यांना ते रडणंच वाटलं, तुमाला बी." तिनं पदरानं तोंड पुसलं. "एवढी वर्सं मी घासभर खाऊन उठायची. हे पुस्तक पोरीनं वाचलं त्या दिवशी मी पोटभर जेवले. मला ठाऊक हाय ते खोटं हाय. तरी बी जेवले. धाकटीचा संसार चांगला चाललाय, ती बी म्हणती, बघ, अक्काला सासरच्यांनीच मारलं. आता मी तोंड उघडू? पोरीला काय सांगू, तुझी आई तुला तीन वर्साची टाकून गेली आन् मी तिला धाडली?"

  मला तिचा गळा धरावा वाटला आन् तिला पोटाशी धरावं वाटलं, दोन्ही एकदम. रेणुकाची बोटं कशी होती ते मला आठवायला लागलं. माझ्या घरातनं निघताना मीच तिच्या हातात पिशवी दिली होती.

तेवढ्यात पल्लवी स्वैंपाकघराच्या दारात आली. पंखा मोठा होता बाहेरचा, तिनं काय ऐकलं नव्हतं. ती सरळ गंगम्माजवळ जाऊन बसली, तिचा हात हातात घेतला.

"अज्जी, आजी म्हणती, मयताला बाया असं रडतात. सगळा दोष आपल्यावर घेतात. तू सांग. खरं हाय का?"

गंगम्मानं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत काय भीक होती, मी सांगू शकत न्हाई. तिचं तोंड उघडलं. ती काय बोलणार होती ते मला आज बी ठाऊक न्हाई. कदाचित खरंच बोलली असती. पोरीनं हात धरल्यावर खोटं बोलायला बाईला लई जड जातं.

मी पोरीच्या त्या हाताकडं बघितलं. एक घर तिचं मोडलं होतंच. हे बी मोडलं तर ती कुणाच्या दारात जाऊन बसणार? हैदराबादला कोण हाय तिचं? आन् आई आपल्याला टाकून गेली, हे घेऊन सतरा वर्साच्या पोरीनं कुठं जायचं? मला दुसरं काय सुचलं न्हाई. बुद्धी चालली न्हाई म्हणा.

"न्हाई," मी म्हणले. "असं कोण रडत न्हाई."

पल्लवी माझ्याकडं वळली.

"पुस्तकातलं खरं हाय. पर त्या माणसाला एक गोष्ट कळली न्हाई. तुझा बाप तिथं नव्हता. तो खरंच बाजाराला गेला होता. पायरीवर मी एकटी होते."

गंगम्मा म्हणली, "विहीणबाई," आन् पुढं बोलेना. मी तिच्याकडं बघितलंच न्हाई.

"पर तू म्हणलीस, माय-लेकांनी मिळून," पल्लवी म्हणली. पुस्तकं वाचणारी पोरगी, शब्द धरून इचारणारच. "माय-लेकांनी म्हणलीस तू. मी ऐकलं आज."

"एकटीवर घ्यायला भ्याले. म्हणून त्याला बी ओढलं."

"आन् कामून? काय केलं होतं आईनं?"

"काय न्हाई केलं तिनं. भांडण झालं. माझं डोकं कसलं हाय ते ठाऊक हाय तुला."

ते तिला पटलं. तेच मला सगळ्यात लागलं, खरं सांगते. मी किती जीव तोडून खरं सांगत होते तवा पटलं न्हाई, आन् हे एका दमात पटलं. ती माझ्याकडं बघत राहिली आन् तिच्या डोळ्यांत मी तिची आजी राहिले न्हाई, हे मला समोरच दिसलं.

"बाबाला ठाऊक हाय हे?"

"न्हाई. त्याला काय बी ठाऊक न्हाई. तो बिचारा तुझ्या आईसाठी जेलात मार खाऊन आला."

ती उठली आन् बाहेर अंगणात गेली. फोन लावला. मी आत, चुलीजवळ, दोन्ही हात मांडीत घेऊन बसले. गंगम्मा माझ्या पायावर डोकं टेकून बसली होती, मी तिला उठ म्हणले न्हाई आन् ढकललं बी न्हाई. सुसला कढईत करपायला लागला होता, कुणी उतरवला न्हाई.

बाहेर फोन लागला.

"बाबा," पल्लवी म्हणली.  मंग म्हणली, "कुठं हायेस तू? विहिरीवर कामून बसलायस? ऊठ तिथनं. ऊठ आधी. मी आजच येते राजेश्वरला."

धनराज तिकडनं काय म्हणत होता ते मला ऐकू येत नव्हतं. पोरगी नुसतं म्हणायली होती, "रडू नको बाबा. रडू नको ना. मी यायलेय."